रविवारी घेतलेलं माप

प्रिय टिटवी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं असशील. आपल्या घरातला पत्रव्यवहार तुझ्या आईच्या खात्यात. मी फार तर खाली दोन ओळी खरडतो, त्याही तिने हातात पेन कोंबल्यावर. आज ती ड्यूटीवर गेली आहे. सकाळचे दहा वाजलेत, कामाचा दिवस आहे, आणि मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्यावर कागद घेऊन बसलोय. या वेळेला मी घरी कसा, ते पुढे सांगतो. आधीच सांगितलं तर बाकीचं पत्र तू नीट वाचणार नाहीस, आणि मला ते सगळं वाचून हवंय.

पहिल्यापासूनच सांगतो. तुझ्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी उन्हाळी वर्गाचा तो अर्ज दिला तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? वर्षभर शाळा आणि सुट्टीतही शाळा? अगं, यंत्रसुद्धा वर्षातून एकदा तेलपाण्यासाठी थांबवतात. तू म्हणालीस, “बाबा, मला तेलपाणी करायलाच जायचंय.” मग मी अर्जावर सही केली. अकरावीची चाळीसच मुलं घेणार, सहा आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचं, खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं; माझ्या मनात आलं, एवढ्या मोठ्या गर्दीतून आपल्या पोरीला कोण उचलतंय? हे मी तुला तेव्हा बोललो नाही. निवडीचं पत्र आलं त्या दिवशी तू उडी मारलीस आणि तुझी आई रडली. मी मात्र ‘बरं झालं’ एवढंच म्हणून बूट घालून बाहेर पडलो. कुठे गेलो ते आज सांगतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या पत्राची प्रत काढली आणि ती डब्याच्या पिशवीत ठेवली. दोन आठवड्यांत ती इतक्या जणांना दाखवली की घडीवर फाटली. आमच्या कंपनीच्या गोदामातला हिशेबनीस म्हणाला, “अरे, पोरीला बोलावलंय की तुला?”

तिकडून तुझं पहिलं पत्र आलं ते तर माझ्याजवळ अजून आहे. ‘इथल्या मुलींना मला न कळणाऱ्या शब्दांत बोलता येतं. एकीने घरी बसून दुर्बीण बनवलीय. मी आजपर्यंत काय बनवलंय? चहा. आई, मला घेऊन जा.’ मी माळ्यावरून बॅग काढली, दुसऱ्या दिवशीच्या बसची वेळ बघून आलो. तुझी आई म्हणाली, थांबा एक दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझं दुसरं पत्र. ‘पहिलं पत्र फाडून टाका. दुर्बीणवालीला सोल्डरिंग येत नाही. मला येतं. आता सगळ्या माझ्याकडे येतात. मी राहते आहे.’ टिटवी, सातवीत असताना मी तुला डाग द्यायला, म्हणजे तेच सोल्डरिंग, शिकवत होतो, तेव्हा तुझ्या बोटाला चटका बसला म्हणून तुझ्या आईने मला आठवडाभर फैलावर घेतलं होतं. त्या दुपारी मी तिच्यासमोर ते पत्र तीनदा मोठ्याने वाचलं. तिने शेवटी कानांवर हात ठेवले.

मग तुमचा तो प्रकल्प. तुम्हाला शिकवणाऱ्या करड्या केसांच्या मॅडमनी सांगितलं, पुस्तकातला विषय आणू नका, कुणाचा तरी खरा त्रास शोधून आणा. तू आईच्या वॉर्डाची गोष्ट सांगितलीस: शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला झोप हवी असते आणि भिंतीपलीकडे धुलाईघराची यंत्रं दिवसभर घरघरत असतात. तुमच्या पाच जणांच्या गटाने तिथल्याच एका रुग्णालयात परवानगी काढली. शिंप्यांकडच्या चिंध्या गोळा केल्या, खळीत भिजवल्या, दाबून वाळवल्या आणि भिंतीला लावायच्या चोवीस पाट्या बनवल्या. त्या खळीचा वास वसतिगृहाच्या जिन्यापर्यंत पोचला आणि रखवालदाराने तुम्हाला सगळं सामान अंगणात हलवायला लावलं, हे वाचून आम्ही दोघं किती हसलो. आणि नंतर ते मोठ्या अक्षरांतलं पत्र: पाट्या लावण्याआधी आवाज मोजला, लावल्यानंतर मोजला, आणि आवाज निम्म्यावर आला! पहिला नंबर आमचाच, असं तू लिहिलं होतंस. पहिल्या गटातल्या पाचही जणांना पुढच्या उन्हाळ्यात वरच्या वर्गात थेट जागा. तुझ्या प्रत्येक पत्रात तो वरचा वर्ग असायचाच. मला वाटतं, झोपेतही तू त्याच वर्गात बसत असशील.

म्हणून त्या शनिवारी, सहा आठवड्यांच्या मध्यावर आलेल्या पालकांच्या दिवशी, मी किती तोऱ्यात आलो होतो ते तू पाहिलंसच. कडक इस्त्रीचा शर्ट, तिसऱ्या रांगेतली खुर्ची. शेजारी एक डॉक्टर जोडपं बसलं होतं. त्यांनी विचारलं, आपण काय करता? मी म्हटलं, मी माणसांना वर पोचवतो. ते बिचारे दचकले. मग म्हटलं, लिफ्टने हो! तुझ्या आईने मला कोपर मारलं. मी इतका खुशीत होतो.

तुमचा गट चौथ्या क्रमाने मंचावर आला. मागे ते भलंमोठं पोस्टर, त्यावर हातभर अक्षरात ‘आवाज निम्म्यावर’. तुमच्यातल्या एका उंच मुलाने पाट्या कशा केल्या ते सांगितलं, मग तू पुढे आलीस. आणि पहिलंच वाक्य बोललीस, “या पोस्टरवरचा आकडा बरोबर नाही.”

तू सांगत गेलीस. पाट्यांशिवायचं माप आम्ही शुक्रवारी घेतलं. पाट्या लावल्यानंतरचं माप रविवारी घेतलं. पोस्टर सोमवारी छापलं. मंगळवारी मला आईचं पत्र आलं, त्यात सहज लिहिलं होतं की रविवारी धुलाईघर बंद असतं तेवढाच काय तो वॉर्डाला आराम. मी तशीच उठून रुग्णालयात गेले आणि दारावरच्या माणसाला विचारलं. इथलं धुलाईघरही रविवारी बंदच असतं. मग बुधवारी, यंत्रं चालू असताना, आम्ही पुन्हा मोजलं. पाट्यांनी आवाज कमी होतो, पण जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा आवाज सुट्टीने कमी केला होता.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तो उंच मुलगा बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. परीक्षकांमधल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे तुमचा प्रकल्प फसला म्हणायचं का?” तू म्हणालीस, “पाट्या फसल्या, सर. मोजणीही फसली होती, ती आम्ही दुरुस्त केली.” तुझा आवाज कापत होता. लहानपणी ज्या आवाजाने तू आख्खी इमारत जागी करायचीस आणि ज्यावरून तुला टिटवी नाव पडलं, तो आवाज त्या दिवशी जेमतेम तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. पण तू शेवटपर्यंत बोललीस आणि मगच खाली उतरलीस.

नंबर दुर्बीणवालीच्या गटाला गेला. तुमचा गट कितवा आला ते त्यांनी सांगितलंच नाही, आणि त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

आता यापुढचं मला लिहायला जड जातंय, पण लिहितो. उपाहारगृहात तू आमच्यासमोर येऊन बसलीस. तुझे डोळे लाल झाले होते. आणि मी, तुझा बाप, काय म्हणालो? “हरिश्चंद्राची नातलग लागून गेलीस का तू? कुणी विचारलं होतं तुला? चार जणांनी मिळून केलेल्या कामावर पाणी ओतलंस. तोंड बंद ठेवलं असतंस तर कुणाच्या बापाला कळणार होतं?” कुणाच्या बापाला! तू कप तसाच ठेवलास, उठलीस आणि आईच्या खांद्यावर एकदा हात ठेवून निघून गेलीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

तुला शोधायला मी जिन्यापर्यंत आलो होतो, हे तुला माहीत नाही. तू दिसली नाहीस, पण तुमच्या मॅडम वरून उतरत होत्या. मी कोणाचा बाप ते त्यांनी ओळखलं; म्हणाल्या, नाक सारखंच आहे. मी काहीतरी माफीसारखं पुटपुटलो की पोरीने सगळ्यांचा विरस केला. त्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, “गुरुवारी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, पोस्टर बदलायचंय. मी सांगितलं, छापून झालंय, आता बदलता येणार नाही. तर म्हणाली, मग मी तोंडाने बदलते. तुम्हाला सांगते, बाकीचे चौघे दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हते. एकटी जेवत होती. मला वाटलं होतं, शनिवारपर्यंत डगमगेल.” एवढं बोलून त्या घाईने पुढे गेल्या. त्यांना पालकांसाठी प्रयोगशाळा उघडायची होती.

परतीच्या बसमध्ये तुझी आई खिडकीशी बसली होती. मी सारवासारव करत होतो: मला तिची काळजी वाटते म्हणून बोललो, जगात असं वागून चालत नाही, वगैरे. शेवटी ती बाहेरच बघत म्हणाली, “अहो, आमच्या वॉर्डात एक नर्स होती. ताप न बघताच तक्त्यावर आकडा लिहायची. तिचा तक्ता दिसायला सगळ्यात सुबक. तिच्या एका पेशंटचं काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आजही सांगणार नाही.” आणि तिने डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती, टिटवी. झोपली की ती तोंड थोडं उघडं ठेवते.

आणि मला, त्या बसमध्ये, एक इमारत आठवली.

आठ मजल्यांची आहे. सहाव्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना. तिथे येणारी निम्मी माणसं साठीच्या पुढची, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. जिना त्यांना जमत नाही. दर तीन महिन्यांनी मी त्या लिफ्टची तपासणी करतो. तपासणीच्या कागदावर चौदा गोष्टी असतात, प्रत्येकीपुढे खूण करायची आणि खाली सही. त्यात ब्रेकही असतो. तो बाहेरून बघून कळत नाही, उघडावा लागतो. उघडायचा म्हणजे तासभर लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद म्हणजे दवाखान्यातली बाई खालपर्यंत येऊन आरडाओरडा करणार. मागच्या दोन खेपांना मी तो उघडला नव्हता. कानाला बरा वाटला, खूण केली. बावीस वर्षांचा अनुभव आहे ना! कागद अगदी सुबक.

सोमवारी सकाळी मी त्या इमारतीत गेलो. तपासणीला अजून महिना होता. लिफ्ट बंद केली, सगळ्या मजल्यांवर तशा सूचनेच्या पाट्या अडकवल्या. दवाखान्यातली बाई ठरल्याप्रमाणे ओरडत आली. मी तिला म्हटलं, ताई, आज तुम्ही मनसोक्त ओरडा, मी ऐकतो. वर यंत्राच्या खोलीत जाऊन ब्रेक उघडला. एका बाजूचा, पकड धरणारा पट्टा झिजून पार पत्र्याला लागला होता. दुसऱ्या बाजूचा अजून शिल्लक होता, त्यावर सगळं तगून होतं. मी खाली पत्र्यावर बसलो. त्या खोलीत मी बावीस वर्षांत कधी बसलो नव्हतो.

लिफ्ट बंदच ठेवली आणि साहेबांना फोन केला. ते शहाणे गृहस्थ आहेत, माझ्यावर त्यांचा जीव आहे. त्यांनी सुटे भाग लगेच पाठवले आणि म्हणाले, “वेळेवर सापडलं, शाबास. अहवालात लिही, पट्टा अचानक झिजला.” कागद माझ्यासमोर होता. तसं लिहिलं असतं तर शाबासकी मिळाली असती, टिटवी, आणि खरंच कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आणि डोळ्यांपुढे काय आलं तर ते सभागृह, आणि कापऱ्या आवाजात बोलणारी, तरी शेवटपर्यंत बोलणारी एक मुलगी. मी लिहिलं, ‘मागच्या दोन तपासण्यांत ब्रेक उघडून पाहिला नव्हता. खूण आणि सही माझी आहे.’

संध्याकाळी ऑफिसात साहेबांनी ते वाचून कागद माझ्याकडे परत सरकवला. मी तो त्यांच्याकडे सरकवला. असं दोनदा झालं. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “तुला काय झालंय?” मी म्हटलं, “साहेब, मुलगी शिकायला गेलीय. फी माझ्याकडून वसूल होतेय.” त्यांना कळलं नाही. पण नंतर ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कागद फायलीत लावला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. गुरुवारपासून मला कामावरून थांबवलंय. आमच्याकडच्या एकतीस इमारतींचे ब्रेक उघडून पाहायचं ठरलं. त्यात आणखी दोन तसेच निघाले, आणि त्यांच्या कागदांवर माझी सही नव्हती. म्हणजे तुझे ते चौघे बोलत नव्हते ना, तसे आता माझेही काही सोबती माझ्याशी बोलत नाहीत. एकाने तर तोंडावर सांगितलं, स्वतः बुडालास आणि आम्हालाही ओढलंस. मी ऐकून घेतलं. त्यालाही घर आहे. पण त्या तिन्ही लिफ्टमध्ये आता नवे पट्टे आहेत, आणि काल मी उगाचच त्या आठ मजली इमारतीसमोरून गेलो. एक आजोबा, एका डोळ्यावर पट्टी, काठी टेकत लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं. मी वरचे आकडे बघत उभा राहिलो, सहावर थांबेपर्यंत. मग घरी आलो.

तुझ्या आईला मी हे सगळं त्याच सोमवारी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्या ताटात वाढलं आणि मग आणखी वाढलं. तिला माझा अभिमान वाटतो तेव्हा ती बोलत नाही, जेवायला घालते. हे तुलाही ठाऊक आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. येत्या मंगळवारी माझी चौकशी आहे. नोकरी राहील, किंवा तपासनीसाचं काम काढून मला पुन्हा साध्या मिस्त्रीच्या जागी बसवतील, किंवा तेही नाही. साहेब म्हणतात, काही सांगता येत नाही. तुझी आई रजा काढून बाहेरच्या बाकावर येऊन बसणार आहे. तू हे दुसऱ्या कुणाकडून ऐकावंस आणि ‘माझ्यामुळे बाबांवर वेळ आली’ असं तुझ्या मनात यावं, असं मला नको होतं. तुझ्यामुळे वेळ आलेली नाही. वेळ माझ्या सहीने आली होती, ती पाच महिने वर अडकून होती; तुझ्यामुळे ती कुणाच्या अंगावर कोसळायच्या आत खाली उतरली. उपाहारगृहात मी जे बोललो ते चूक होतं. मी तुझी माफी मागतो, आणि ही माफी मी लिहून देतोय, खाली सही करून, आधी उघडून बघून. माझ्या पोरीने भरल्या सभागृहात स्वतःचा आकडा स्वतः खोडला, हे मी चौकशीच्या खोलीतही सांगणार आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगणार आहे. दर बुधवारी संध्याकाळी तुम्हाला घरी फोन करायला देतात. गेले दोन बुधवार फोन वाजला की मी त्याच्या शेजारी उभा असतो, आणि तू आईशी बोलून ठेवून देतेस. रागाव, तुझा हक्कच आहे. पण या बुधवारी, चौकशी होऊन गेलेली असेल, निकाल काहीही लागो, आईशी बोलून झालं की तिला म्हण, बाबांना फोन दे.

तुझाच,
बाबा